सापाच्या पिल्लाला किती हाताळावं?

प्रश्न : शेतात सापडलेलं कवड्याचं पिल्लू मुलानं बरणीत ठेवलंय. माणसाळावं म्हणून रोज हातात घेतो. किती वेळा घ्यावं?
– एक वाचक, इस्लापूर (ता. किनवट)

उत्तर : एकदाही नको. सापाला लळा लागत नाही; सारखं हाताळलं की तो बिथरतो, खाल्लेलं ओकतो. मुळात तो कवड्याच कशावरून? कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक, शेपटीकडे पुसट. विषारी मण्यारचे बहुधा उलट. हे पडताळायला बरणी मात्र उघडू नका. मण्यारचं पिल्लू जन्मापासून विषारी असतं आणि त्याचा दंश फारसा दुखतही नाही. चावल्याची नुसती शंका आली तरी थेट सरकारी दवाखाना गाठा. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं असा साप पाळणं गुन्हा आहे. घाबरू नका, मुलाला रागावूही नका. बरणी सावलीत ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर आजच कळवा.