समानार्थी शब्दांतला फरक : इंग्रजीत लिहिणाऱ्या मराठी माणसासाठी एक पाठ

बेळगावात इंग्रजी शिकवताना आणि ओळखीच्या लोकांचे अर्ज, जबाब इंग्रजीत करून देताना एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो : "सर, कोशात ह्या एका मराठी शब्दापुढे चार इंग्रजी शब्द दिले आहेत. त्यांतला कोणता घेऊ?" विचारणाऱ्याचे उत्तर बहुधा मनात ठरलेले असते : जो भारदस्त वाटेल तो. ह्या उत्तराचा धोका काय आणि त्याऐवजी निवड कशी करावी, हे इथे सांगायचे आहे. सीमाभागात मराठी माणसाचा कागद पुष्कळदा इंग्रजीतून कचेरीत जातो. तो वाचणाऱ्या अधिकाऱ्याला मूळ मराठी बोलणे ऐकू येत नाही. त्याच्यापुढे असतो तो आपण निवडलेला शब्द. म्हणून ही निवड केवळ शैलीची बाब नव्हे.

इतके शब्द आले कुठून?

इ. स. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. त्यानंतर दीर्घकाळ दरबाराची आणि कायद्याची भाषा फ्रेंच राहिली. धर्म आणि विद्या ह्यांची भाषा लॅटिन होती, आणि शेतातला, घरातला माणूस आपली जुनी इंग्रजी बोलत होता. त्यामुळे एकाच अर्थाच्या आसपास तीन थरांचे शब्द गोळा झाले. 'आस्क' हा घरचा, 'क्वेश्चन' हा फ्रेंच वाटेने आलेला आणि 'इंटरॉगेट' हा लॅटिनमधून घेतलेला. मूल आईला 'आस्क' करते. एखाद्याच्या म्हणण्यावर शंका घ्यायची तर आपण ते 'क्वेश्चन' करतो. 'इंटरॉगेट' मात्र पोलीस करतात, कोठडीत बसवून.

मराठी वाचकाला ह्यात नवल वाटू नये. आपल्याकडेही विचारपूस, चौकशी, जाब विचारणे आणि उलटतपासणी ह्या सगळ्यांत 'विचारणे' आहेच. तरी आजारी शेजाऱ्याची आपण विचारपूस करतो, त्याला जाब विचारत नाही. पाणी, जल आणि उदक ह्यांचा अर्थ एकच, पण नगरपालिका पाणीपट्टी घेते, स्पर्धा जलतरणाची होते आणि हक्कावर सोडायचे ते उदक. गोव्यातल्या कोंकणीत मात्र तेच उदक रोजच्या तहानेचे आहे. म्हणजे शब्दाचे वजन अर्थात असते तसे वापरातही असते. मातृभाषेत हे वजन आपल्याला न शिकवता कळते. परभाषेत ते मुद्दाम तपासावे लागते.

चार कसोट्या

विद्यार्थ्यांना मी शब्द चार प्रश्नांवर घासून पाहायला सांगतो.

पहिला प्रश्न व्याप्तीचा : शब्दात नेमके काय काय येते? 'थेफ्ट', 'रॉबरी' आणि 'डकॉइटी' हे तिन्ही शब्द सैलपणे 'चोरी' ह्या अर्थी वापरले जातात. कायद्यात मात्र ते वेगळे आहेत, आणि मराठीतही त्यांना चोरी, जबरी चोरी आणि दरोडा असे वेगळे शब्द आहेत. चोरीला बळजोरीची वा तत्काळ इजेच्या भीतीची जोड मिळाली की ती 'रॉबरी' होऊ शकते. पाच किंवा अधिक जणांनी मिळून ती केली की 'डकॉइटी'. हा शेवटचा शब्द तर इंग्रजीने आपल्याच 'डाका'च्या घराण्यातून उचलला आहे. वाक्यरचनाही बदलते. वस्तू 'स्टील' केली जाते, माणसाला 'रॉब' केले जाते. रात्री अंगणातून सायकल गेली असेल तर 'आय वॉज रॉब्ड' लिहू नये. वाचणाऱ्याला वाटेल, कुणी तुम्हाला अडवून ती हिसकावली.

दुसरा प्रश्न भावाचा : बोलणारा स्तुती करतो आहे की निंदा? जपून खर्च करणाऱ्याला 'थ्रिफ्टी' म्हटले तर तो काटकसरी, 'स्टिंजी' म्हटले तर चिक्कू. खर्च तोच, माणूस तोच. बदलला तो आपला शेरा.

तिसरा प्रश्न प्रसंगाचा : शब्द घरातला की कचेरीतला? 'बिगिन' कुठेही चालतो. 'कमेन्स' करारात, परिपत्रकात शोभतो. मित्राला लिहिलेल्या पत्रात तो आला तर 'आम्ही जेवणास प्रारंभ केला' असे काहीसे वाटते.

चौथा प्रश्न सोबतीचा : शेजारी कोणते शब्द चालतात? मराठीत पाऊसही जोराचा आणि वाराही जोराचा. इंग्रजीत पाऊस 'हेवी' आणि वारा 'स्ट्राँग'. आपला कडक चहा तिकडे 'स्ट्राँग' होतो, 'पॉवरफुल' होत नाही, पण एंजिन खुशाल 'पॉवरफुल' असते. थोरला भाऊ 'बिग ब्रदर' होतो, 'लार्ज ब्रदर' कधीच नाही. ह्याला नियम नाही, वहिवाट आहे. शब्दाचा अर्थ त्याच्या सोबत्यांवरून ओळखावा, ह्या विचारावर जे. आर. फर्थ ह्या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने विशेष भर दिला होता.

'बजावले' ह्याचे इंग्रजी काय?

आता ह्या कसोट्या एका वाक्यावर लावून पाहू. भाडेकरूची तक्रार आहे, असे समजा : "मालकांनी मला बजावले की महिनाअखेर घर रिकामे करा." 'बजावले' ह्यासाठी 'टोल्ड', 'वॉर्न्ड' आणि 'थ्रेटन्ड' असे तीन शब्द पुढे येतात.

'वॉर्न' म्हणजे पुढे येणाऱ्या संकटाची आगाऊ सूचना. ते संकट सांगणाऱ्याकडूनच येईल असे नाही. पूर येणार आहे हेही 'वॉर्न' करूनच सांगतात, आणि त्यात ऐकणाऱ्याचे हित असू शकते. 'थ्रेटन'मध्ये अपाय करणारा बहुधा बोलणाराच असतो. शिवाय धाक दाखवण्यासाठी दुसऱ्याच्या शरीराला, लौकिकाला किंवा मालमत्तेला इजा करण्याची धमकी देणे हा गुन्हा आहे. भारतीय दंड संहितेत तो कलम ५०३ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ३५१ मध्ये आहे. म्हणजे 'थ्रेटन्ड' लिहिताच घरभाड्याचा वाद फौजदारीच्या उंबऱ्यावर जातो.

मूळ वाक्यात इजेचा उल्लेख नाही. तेव्हा 'टोल्ड मी फर्मली' एवढेच लिहावे. उलट, भाडेकरू जर म्हणाला असेल की "घर सोडले नाहीस तर हातपाय मोडीन असे ते म्हणाले," तर 'वॉर्न्ड' हा सौम्य शब्द घालणे हाही अन्यायच, आणि तो दुर्बळ बाजूवरचा. शब्द वाढवू नये तसा कमीही करू नये. अशा ठिकाणी अनुवादकाने अंदाज न करता माणसाला समोर बसवून विचारावे : "ते नेमके काय म्हणाले?" शक्य तर ते मूळ शब्दच अर्जात घालावेत.

हीच गत 'म्हणाला' ह्या साध्या क्रियापदाची. पुनरुक्ती टाळायची म्हणून विद्यार्थी 'सेड'च्या जागी आळीपाळीने 'क्लेम्ड' आणि 'अ‍ॅडमिटेड' घालतात. 'क्लेम्ड' म्हटले की त्याचे म्हणणे अजून सिद्ध व्हायचे आहे, कदाचित ते खरेही नसेल, असा सूर लागतो. 'अ‍ॅडमिटेड' म्हटले की त्याने काही अडचणीची गोष्ट कबूल केली असे होते. "मी त्या दिवशी दुकानात होतो," ह्या साध्या विधानाला 'अ‍ॅडमिटेड' जोडून पाहा. बिचारा आरोपी वाटू लागतो. 'सेड' चार वेळा आले तर कानाला थोडे खटकेल, पण कुणाचे नुकसान होणार नाही.

कोशाचा उपयोग कसा करावा?

पीटर मार्क रोजे ह्याचा प्रसिद्ध इंग्रजी 'थिसॉरस' १८५२ साली निघाला. त्याची मांडणी कल्पनांनुसार आहे. जवळच्या अर्थाचे शब्द तो एकत्र ठेवतो, त्यांतला फरक समजावत नाही. ज्याला शब्द ठाऊक आहे पण आठवत नाही, त्याच्या तो कामाचा. फरक सांगणारी परंपरा निराळी आणि त्याहून जुनी आहे : हेस्टर पिओझी ह्या लेखिकेचा 'ब्रिटिश सिनॉनिमी' १७९४चा, जॉर्ज क्रॅबचा कोश १८१६चा. आजच्या चांगल्या विद्यार्थिकोशांत अर्थाबरोबर उदाहरणवाक्येही असतात. माझा सल्ला असा : मराठी-इंग्रजी कोशात शब्द शोधा, मग तोच शब्द इंग्रजी-इंग्रजी कोशात काढून निदान तीन वाक्ये वाचा. आपले वाक्य त्या वाक्यांच्या पंक्तीला बसते का, ते पाहा. तरीही शंका उरली तर साधा शब्द घ्या. साधा शब्द कमी बोलतो, पण न बोललेले कुणाच्या तोंडी घालत नाही.

स्वाध्याय

पुढील वाक्ये इंग्रजीत करा आणि निवडलेल्या शब्दाचे कारण एका ओळीत लिहा.

१. शेजाऱ्यांनी आमच्या आजोबांची विचारपूस केली. ('आस्क', 'इन्क्वायर', 'क्वेश्चन')

२. बसमध्ये माझे पाकीट मारले गेले. ('स्टील', 'रॉब')

३. पावती आपल्याजवळ नसल्याचे दुकानदाराने सांगितले. ('सेड', 'क्लेम्ड', 'अ‍ॅडमिटेड')

तिसऱ्या वाक्याचे उत्तर पावती देण्याची जबाबदारी कुणाची होती, ह्यावर अवलंबून आहे. ते समजून घेतल्याशिवाय लेखणी उचलू नये.