मुंडावळ्यांपासून हारापर्यंत : वधू-वरांची फुले जुळवताना

मराठी लग्नात वधू आणि वर या दोघांच्या अंगावर सारखीच दिसणारी वस्तू म्हणजे मुंडावळ्या. शालू आणि शेरवानी, नथ आणि फेटा, खोपा आणि तुरा यांत साम्य नसते, असावे अशी अपेक्षाही नसते. पण कपाळावरून कानांशेजारी उतरणाऱ्या त्या दोन सरी दोन्ही चेहऱ्यांना एकाच नात्यात आणतात. म्हणून दोघांची फुले जुळवण्याचा विचार मुंडावळ्यांपासून सुरू करणे सोयीचे. पिंपरी-चिंचवड, आळंदी आणि चाकण या पट्ट्यात मात्र ठरवाठरवी बहुधा उलट्या क्रमाने होते. मोबाइलवरच्या एखाद्या फोटोवरून आधी स्टेज ठरते, मग वरातीची गाडी, मग हार. गजऱ्यांचे काम करवलीवर सोपवलेले असते आणि मुंडावळ्या आदल्या संध्याकाळी आठवतात. मग स्टेजवर जांभळी ऑर्किड, गळ्यात लाल गुलाब, केसांत अबोली आणि कपाळावर प्लॅस्टिकचे मोती असा चार दिशांचा संसार अल्बममध्ये कायमचा राहतो.

अंगावरच्या फुलांची यादी तशी छोटी आहे. वधूच्या वाट्याला मुंडावळ्या, हार, गजरा किंवा वेणी आणि हल्ली स्वागतसमारंभात हातात गुच्छ. वराच्या वाट्याला मुंडावळ्या, हार आणि फेट्याच्या तुऱ्यात किंवा खिशावर एखादे फूल. यांपैकी मुंडावळ्या आणि हार दोघांनाही असतात. या दोहोंत एक फूल सामाईक ठेवले की जुळणीचे मुख्य काम झाले. निशिगंधाच्या हाराला खाली लाल गुलाबांचे पदक असेल, तर वधूच्या गजऱ्याचा पांढरा आणि वराच्या तुऱ्यातला एकच लाल गुलाब पुरतो. सगळीकडे सगळे सारखे केले की दोघे गणवेशात उभे असल्यासारखे दिसतात.

रंग ठरवताना शालूच्या अंगाचा नव्हे, काठाचा रंग धरावा. हार ज्या कापडावर पडतो त्याच रंगाचा असेल तर तो दिसतच नाही. लाल शालूवर लाल गुलाबांचा जाडजूड हार खर्चाला भारी आणि दहा फुटांवरून अदृश्य. वराची शेरवानी बहुधा मोतिया किंवा फिकट सोनेरी असते, तिच्यावर नुसता निशिगंध हरवतो. दोन्ही पोशाखांवर उठून दिसणारा दुरंगी हार हा जुना तोडगा आहे, आणि त्याहून चांगला अजून कुणाला सापडलेला दिसत नाही.

रंग ठरला तरी ते फूल त्या महिन्यात बाजारात असेल का, हा प्रश्न उरतो, आणि फसवणूक सर्वांत जास्त इथेच होते. चातुर्मास संपून तुळशीची लग्ने लागली की मुहूर्त सुरू होतात ते आषाढाच्या तोंडापर्यंत. एवढ्या काळात फूलबाजाराचा चेहरा दोन-तीनदा बदलतो. शेवंतीचे झाड दिवस लहान होऊ लागले की कळी धरते, त्यामुळे मार्गशीर्ष-पौषात पांढरी, पिवळी शेवंती मुबलक येते आणि हाराला तिच्यासारखे टिकाऊ फूल नाही. त्याच दिवसांत मोगरा जवळजवळ नसतो. डिसेंबरातल्या लग्नासाठी मोगऱ्याचे गजरे ठरवले, तर पांढऱ्या कळ्यांच्या नावाखाली बऱ्याचदा कागडा मिळतो. दिसायला वाईट नाही, पण मोगऱ्याच्या वासाची आशा धरू नये. चैत्र-वैशाखात उलट स्थिती. मोगरा भरपूर, शेवंती रोडावलेली, झेंडू लहान आणि गुलाब उष्णतेने घाईघाईने उमलून मोकळा होणारा. पावसाळ्यात काढीव मुहूर्तावर लग्न असेल तर भिजलेली फुले काळी पडतात, आणि गणपतीपासून दसऱ्यापर्यंत झेंडूचा भाव विचारूच नये.

गुलाबाची गोष्ट वेगळीच. चाकणहून जवळच तळेगाव दाभाडे येथे औद्योगिक विकास महामंडळाचे फ्लोरिकल्चर पार्क आहे, आणि मावळातल्या पॉलिहाऊसमध्ये डच गुलाब, जरबेरा, कार्नेशन यांची मोठी लागवड होते. 'आपल्या दारातच गुलाब पिकतो, तो स्वस्त मिळेल,' असा समज त्यामुळे सर्वत्र आहे. पण हा शेतकरी वर्षभर वाट पाहतो ती १४ फेब्रुवारीची. जानेवारीच्या अखेरीपासून लांब दांड्याचा, एकसारख्या कळीचा लाल गुलाब निर्यातीला आणि मोठ्या शहरांकडे जाऊ लागतो. स्थानिक बाजारात उरलेला माल चढ्या भावाने येतो. नेमके तेव्हाच माघातले मुहूर्त असतात. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यातल्या लग्नात लाल गुलाबाचा हट्ट धरू नये. त्याच बजेटात पांढरा-पिवळा हार अधिक भरदार होतो.

फूलवाल्याशी बोलताना नावे नेमकी वापरावीत. नुसते 'गुलाब' म्हटले की गावठी गुलाबही येऊ शकतो आणि डच गुलाबही, आणि दोहोंच्या किमतीत मोठी तफावत असते. निशिगंधाला बाजारात गुलछडी म्हणतात. हारासाठी तिची सुटी फुले किलोवर घ्यायची, फुलदाणीसाठी काडीवर. डच गुलाब २० नगांच्या गड्डीत विकला जातो, जरबेरा १० नगांच्या. कोटेशनमध्ये 'हार, एक जोड' एवढेच लिहिलेले असेल तर त्यात कोणते फूल किती, हे लिहून घ्यावे. त्याहून महत्त्वाची ओळ म्हणजे ठरलेले फूल मिळाले नाही तर त्याऐवजी कोणते घालायचे. ही ओळ नसली की ऐनवेळी फुलारी त्याच्या सोयीचे फूल घालतो, आणि त्यात त्याचा दोष म्हणता येत नाही.

महिन्याइतकीच मुहूर्ताची वेळही पाहावी लागते. मोगऱ्याची कळी पहाटे खुडतात आणि ती संध्याकाळी उमलते. गोरज मुहूर्ताला त्यामुळे मोगरा अगदी नेमका साधतो: अंतरपाट दूर होतो त्या सुमारास गजरा उमलून सुगंध पसरलेला असतो. सकाळी ११ चा मुहूर्त असेल तर आदल्या दिवशीचा उमललेला गजरा दुपारपर्यंत कडेने तपकिरी होतो. अशा लग्नाला त्याच पहाटेच्या घट्ट कळ्यांचा गजरा घ्यावा; वास कमी येतो, पण तो विधी संपेपर्यंत पांढरा राहतो. रात्रीच्या स्वागतसमारंभाला दुसरा गजरा लागणारच, तो पहिल्याच दिवशी हिशेबात धरावा. पाण्याबाहेर सर्वांत जास्त टिकतात शेवंती, ऑर्किड आणि कार्नेशन. डच गुलाब अर्धोन्मीलित घेतला तर काही तास निभावतो. जरबेऱ्याची मान वाकते, तो हारात घालूच नये.

हार आदल्या रात्री आणून ठेवण्याची प्रथा सोयीपोटी पडली आहे आणि तिच्यातून बरेच घोटाळे होतात. प्रस्तुत लेखकाच्या घरच्या एका मे महिन्यातल्या लग्नात कार्नेशनचे हार ज्या खोलीत ठेवले, तिथेच पाहुण्यांसाठी आणलेल्या आंब्याच्या पेट्या होत्या. सकाळी पाकळ्या आत वळून फुले झोपल्यासारखी झालेली. फूलवाल्याला दोष देण्यात सगळ्यांचा तासभर गेला. दोष पेट्यांचा होता. पिकणारी फळे इथिलीन नावाचा वायू सोडतात आणि कार्नेशन, ऑर्किड यांसारखी फुले त्या वायूने लवकर कोमेजतात. घरच्या फ्रिजमध्ये केळी, आंबे, सफरचंदे असतील तर तिथेही हार ठेवू नये. शिवाय सगळ्या फुलांना सारखीच थंडी मानवत नाही. गुलाब २ ते ४ अंश सेल्सिअसला सुखात राहतो. ऑर्किड १० अंशांखाली गेले की त्यावर डाग पडतात. सर्वांत निर्धोक उपाय जुनाच: ओले फडके, त्यावर केळीचे पान, वर पुन्हा ओले फडके, आणि पंख्याचा थेट वारा नाही. पाकळ्यांवर सतत पाणी मारण्याची हौस आवरावी; दाबल्या गेलेल्या गुलाबपाकळ्या ओल्या राहिल्या की काळ्या पडतात.

हाराची मापे हा विषय कुणालाच महत्त्वाचा वाटत नाही, आणि मंगलाष्टके संपताक्षणी तो सर्वांपुढे येतो. हाराचा फास वराच्या डोक्यावरून जायला हवा, आणि डोक्यावर त्या वेळी फेटा, त्याचा उभा तुरा, बाशिंग आणि मुंडावळ्या असतात. मोकळ्या डोक्यावर मोजलेला हार फेट्यावर अडकतो, तुरा मोडतो, मामा मागून ओढतात आणि छायाचित्रकार 'पुन्हा एकदा' म्हणतो. माप फेट्यावरूनच घ्यावे, किंवा मागे गाठ सुटणारा हार करून घ्यावा. वधूच्या बाजूला अडचण नथीची. हाराच्या कडेला जिप्सोफिलाच्या काटक्या किंवा उघडी तार असेल तर ती नथीच्या मोत्यांत आणि शालूच्या जरीत अडकते. आतल्या बाजूला सुती कापडाचे अस्तर शिवून घेतले तर जरही वाचते आणि मानेवर चट्टेही उठत नाहीत. लांबी दोघांच्या उंचीप्रमाणे वेगवेगळी ठेवावी. एकाच लांबीचे हार घातले की ठेंगण्याच्या हाराचे पदक गुडघ्याशी आणि उंचाचे पोटाशी दिसते. वजनाचाही विचार हवा, कारण भारी हार घालून सप्तपदीपर्यंत कुणी बसत नाही. तो पाच मिनिटांत उतरवून खुर्चीच्या पाठीवर टांगला जातो, आणि पुढच्या सर्व विधींच्या फोटोत दोघांचे गळे रिकामे राहतात. विधींसाठी हलकी कंठी वेगळी करून घेणे म्हणूनच शहाणपणाचे.

मुंडावळ्या फुलांच्या करायच्या असतील तर त्या बारीक कळ्यांच्याच कराव्यात. होमाची धग चेहऱ्याच्या उंचीवर येते, आणि उमललेली फुले तिथे सर्वांत आधी मान टाकतात. मोती आणि कळ्या एकाआड एक ओवल्या तर फुले सुकली तरी सर रिकामी दिसत नाही. फेटा आधी की मुंडावळ्या आधी, हे फेटेवाल्याशी आधीच बोलून ठेवावे.

स्टेजच्या दिव्यांनी रंग बदलतात. पिवळसर प्रकाशात पांढरे फूल मोतिया दिसते, जांभळे मळकट होते आणि निळ्यावर निळा झोत पडला की चेहरेही निळे होतात. शालूच्या काठाचा तुकडा आणि फेट्याचे कापड घेऊन कार्यालयात दिवे लावून एकदा पाहिले की हा प्रश्न मिटतो. निळे निशिगंध, निळी शेवंती ही रंगवलेली फुले असतात. ओली झाली की तो रंग मोतिया शेरवानीवर उतरतो. लिलीचे पुंकेसर हार किंवा गुच्छ घेण्याआधी काढून टाकलेले असावेत. त्यांचे पराग कपड्यावर पडलेच तर पाण्याने पुसू नयेत, चिकटपट्टीने उचलावेत.

फुले कुठून येणार आणि कुठे बांधली जाणार, याचा हिशेब या पट्ट्यात विशेष लागतो. मोठी खरेदी गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पहाटे होते. तिथून नाशिक फाटा, भोसरी, मोशीमार्गे चाकणपर्यंतचा रस्ता पहाटे सुटसुटीत असतो आणि कंपन्यांच्या पाळ्या बदलू लागल्या की कोंडतो. चाकणच्या तळेगाव चौकात उन्हात अडकलेल्या टेम्पोतले हार पाहुण्यांसारखेच घामेजून पोचतात. लहान खरेदी पिंपरीतून करून हार कार्यालयातच गुंफून घेणे अधिक भरवशाचे. आळंदीत तर एकाच इमारतीत एकाच दिवशी अनेक लग्ने लागतात. तिथे स्टेजची सजावट कार्यालयाची आणि सामाईक असते, ती बदलून मागण्यात वेळ घालवू नये. तीच पार्श्वभूमी धरून अंगावरची फुले ठरवावीत आणि वाचलेले पैसे हारात घालावेत.

कारखान्यांमुळे इथे देशभरातले लोक येऊन राहिले आहेत आणि सोयरिकीही तशाच जुळतात. नवऱ्या मुलाकडचे उत्तर प्रदेश-बिहारकडचे असतील तर त्याच्या कपाळावर मुंडावळ्यांऐवजी सेहरा येतो. मुलगी तमिळ किंवा मल्याळी घरातली असेल तर तिच्या केसांत नुसता गजरा नव्हे, वेणीभर माळलेली जाईजुई असते. अशा वेळी फुलाचा आकार जुळवण्याचा अट्टहास सोडून केवळ रंग एक ठेवावा. दोन्हीकडच्या आयांशी आधी बोलून घ्यावे. कोणते फूल देवाला चालते, कोणते लग्नात अशुभ मानतात, याबद्दल प्रत्येक घराचे मत पक्के असते आणि ते ऐन मांडवातच कळते.

स्टेज, कमान आणि गाडी यांना उरलेला खर्च पुरतो. लांबून पाहण्याच्या जागी झेंडू आणि हिरवा पाला पुष्कळ झाला. गाडीच्या बॉनेटवर फुले ठेवायची नाहीत, इंजिनाच्या उष्णतेने ती वरात निघण्याआधीच शिजतात. दारांच्या मुठींना लडी बांधाव्यात.

लग्न उरकल्यावर हारांचे काय करायचे, हेही फूलवाल्याशीच ठरवून टाकावे. तार, थर्मोकोल, जरीची फीत आणि प्लॅस्टिकचे मोती काढल्याशिवाय हार खतात जात नाहीत, आणि पवनेत किंवा इंद्रायणीत सोडायचे तर मुळीच नाहीत. सुती दोऱ्यात ओवलेला हार जसाच्या तसा ओल्या कचऱ्यात टाकता येतो. म्हणून दोऱ्याची अट कोटेशनमध्येच लिहावी, आणि मुंडावळ्यांतले मोती ओढून काढता येतील अशा गाठीने बांधायला सांगावे.