पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही, मग शर्यत कुणाशी?

प्रश्न : माझा भाचा इंग्लंडमध्ये नोकरीला आहे. त्याने एक जुनी माझदा एमएक्स-5 घेतली, आतला गालिचा, शेजारची सीट, रेडिओ सगळे उपटून टाकले आणि आता रविवारी तो 'हिलक्लाइम्ब'ला जातो. परवा शेल्सली वॉल्श नावाच्या ठिकाणचा व्हिडिओ पाठवला. गाडी एकटीच टेकडी चढते आणि चाळीस सेकंदांच्या आत खेळ खलास! याला शर्यत कसे म्हणायचे? आणि सुरुवातीला एक माणूस मागच्या चाकाशी काय करत असतो?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आधी चाकाशी वाकलेल्या माणसाचे सांगतो, कारण ते सातारकराला लगेच पटेल. खंबाटकी चढताना गाडी बंद पडली की पहिले काम काय? उतरा आणि मागच्या चाकाला दगड लावा. आमच्या घरच्या जुन्या गाडीने तो दगड शोधायला मला इतक्यांदा उतरवले आहे, की शेवटी डिकीत एक कायमचाच ठेवला होता. तिथे दगडाऐवजी लांब दांड्याचा लाकडी ठोकळा असतो, एवढाच फरक. चढावर उभी गाडी मागे घरंगळू नये म्हणून तो मागच्या चाकाला टेकवतात. त्यामुळे ड्रायव्हरला ब्रेक धरून ठेवावा लागत नाही, दोन्ही पाय क्लच आणि ॲक्सिलरेटरला मोकळे राहतात.

मग हिरवा दिवा लागतो, आणि इथेच खरी गंमत आहे. दिवा लागला म्हणून लगेच सुटायचे नसते. त्याचा अर्थ एवढाच, की वर रस्ता मोकळा आहे, तुमचे तुम्ही निघा. गाडीच्या नाकावर एक उभी पट्टी बसवलेली असते. ती प्रकाशाची रेघ तोडते तेव्हा घड्याळ सुरू होते. म्हणजे दिव्यावर झडप घालण्याचे इथे काही मोल नाही. इंजिनाचा आवाज मनासारखा लागेपर्यंत थांबा, एक श्वास घ्या, मग सुटा. शर्यत घड्याळाशी, आपल्या वर्गातल्या इतर गाड्यांच्या वेळेशी आणि बहुतेकांच्या बाबतीत आपल्याच मागच्या फेरीशी. निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागात लागतो.

शेल्सलीचा रस्ता 1,000 यार्डांचा, म्हणजे 914 मीटर. आपल्याकडे नाक्यावरून वाण्याकडे जायला लोक एवढ्या अंतराला स्कूटर काढतात. पण तेवढ्यात तो 100 मीटर वर चढतो. महायुद्धांचा काळ सोडला तर 1905 पासून याच रस्त्यावर गाड्या धावत आहेत. 1930 मध्ये हान्स श्टुक या ड्रायव्हरने 42.8 सेकंदांचा विक्रम केला, तेव्हा लोकांनी तोंडात बोटे घातली होती. 2008 मध्ये मार्टिन ग्रोव्ह्जने खास बनावटीच्या रेसिंग कारमध्ये 22.58 सेकंद घेतले. तुमचा भाचा रस्त्यावरच्या गाडीत चाळिसाच्या आत येतो, हे काही वाईट नाही.

आता त्या उपटलेल्या सीटचा हिशेब करू. ड्रायव्हरसकट गाडी 1,000 किलोची धरा आणि वेळ 38 सेकंद. हवेचा अडथळा, टायरचे घर्षण, वेग वाढवणे हे सगळे बाजूला ठेवून नुसते ते वजन 100 मीटर वर उचलायलाच सुमारे 35 अश्वशक्ती खर्च होते. जुन्या एमएक्स-5 चे इंजिन असते जेमतेम 115 च्या आसपास. म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश ताकद टेकडीच्या घशात. शंभर किलो काढून टाकले, तर इंजिनाला हातही न लावता साडेतीन अश्वशक्ती हाती येते, शिवाय वळणावर गाडी हलकी राहते ते वेगळेच. ताकद विकत घ्यावी लागते, वजन फुकट काढता येते. हौशी माणसाच्या खिशाला हेच गणित परवडते.

टायरची गोष्ट मात्र उलटी. लांब शर्यतीत टायर दोन-तीन फेऱ्यांत तापतात आणि रस्ता धरतात. इथे तापेपर्यंत टेकडी संपलेली असते. म्हणून मऊ रबराचे टायर लावतात आणि रांगेतून पुढे येताना चाके जागच्या जागी फिरवून ते थोडे चिकट करून घेतात. चढावर वजन मागे झुकते, त्यामुळे मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांना सुटताना फायदा मिळतो. पूर्वी काही जण तर आपल्या ट्रकसारखी मागे जोडचाके लावून येत.

हे सगळे खासगी जमिनीवर का चालते, त्यालाही कारण आहे. 1925 मध्ये बकिंगहॅमशरमधल्या कॉप हिलवर एका प्रेक्षकाला गाडीची धडक बसली आणि तिथल्या सार्वजनिक रस्त्यांवरच्या अशा शर्यतींची परवानगीच बंद झाली. शेल्सली खासगी जागेत, म्हणून वाचली. आपल्याकडेही मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 नुसार राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक जागी शर्यत लावणे गुन्हा आहे. तेव्हा भाचा सुट्टीत आला आणि पहाटे पसरणी घाटाकडे बघायला लागला, तर किल्ली तुमच्याकडे ठेवा.

सरावाच्या दोन आणि मोजल्या जाणाऱ्या दोन, अशा साधारण चार फेऱ्या दिवसात मिळतात. म्हणजे पहाटे उठून, डबा बांधून, दिवसभर पावसाकडे डोळे लावून प्रत्यक्ष गाडी पळते अडीच मिनिटे! बाकीचा वेळ टायरची हवा मोजणे, शेजाऱ्याला पाना उसना देणे आणि पहिले वळण कुठे चुकले यावर चर्चा. एकच गाडी दोघांत वाटून चालवणारे नवरा-बायको, बाप-लेकही तिथे असतात. त्यांची चर्चा घरी गेल्यावरही संपत नसावी.

पुढचा फोन आला की भाच्याला विचारा, "पहिल्या 64 फुटांना किती लागले?" निकालाच्या कागदावर हा आकडा वेगळा छापतात. मामाने हे विचारले, तर पोरगे अर्धा तास फोन ठेवणार नाही.