उंब्रजच्या घरात मलिदा मांडताना

अगं, घरच्या मेळाव्यासाठी रोश हशानाचा, म्हणजे ज्यू नववर्षाचा, हट्ट सोड. त्या दिवशी प्रवास करायचा नाही, गाडी चालवायची नाही. मग पुण्या-मुंबईची माणसं उंब्रजला येणार कशी? त्यापेक्षा शेवात महिन्याची पौर्णिमा धर. तू बिशवात, आपल्या बेने इस्रायलांच्या जुन्या माणसांचा एलियाहू हनाबी या संदेष्ट्याचा उरूस. या सणाला कामाची बंदी नाही, सिनेगॉगच हवं असंही नाही. घरच्या ओटीवर मलिदा, म्हणजे गोड पोह्यांचं आणि फळांचं ताट, मांडला की सण झाला. अलिबागजवळच्या खंडाळ्याला खडकावर एलियाहूच्या घोड्याच्या टापा आणि रथाच्या चाकांच्या खुणा आहेत, असं आपण मानतो. ती गोष्ट पोरांना सांगायलाही याच्याइतका चांगला दिवस नाही.

२०२७ साली तो २३ जानेवारीला, म्हणजे शनिवारी येतो. शब्बाथला कुणाला रस्त्यावर काढू नकोस. रविवारी दुपारी सगळ्यांना बोलव. आणि जवळच्या पालच्या खंडोबाची यात्राही पौषात, याच सुमारास असते. तिची तारीख गावात आधी विचारून घे, नाहीतर आपले पाहुणे त्या गर्दीत अडकतील.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की पोरांना रंगाच्या वह्या देऊन दुसऱ्या खोलीत बसवू नकोस. मलिद्यात प्रत्येक वयाला काम आहे. पोहे धुऊन निथळत ठेवायचं काम तू कर. नारळ खोवायला मामी-मावश्या बसतील, त्यांच्या गप्पा तिथेच रंगतील. गूळ कऱ्हाडहून आण, तो किसायला कॉलेजातल्या मुलांना दे. वेलची कुटायला, बेदाणे निवडायला छोटी मंडळी. ताट सजवायचा मान मात्र घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईचा. तिला खुर्ची दे, ताट तिच्यासमोर टेबलावर ठेव. खाली बसवू नकोस, गुडघे धरतात.

फळांचं तर मुलांना फार आवडेल. झाडाच्या फळाची बराखा, म्हणजे खाण्याआधी म्हणायचा आशीर्वाद, वेगळी, जमिनीतून येणाऱ्याची वेगळी. खजूर, सफरचंद, चिकू झाडाचे. केळं मात्र जमिनीच्या फळांत धरतात, कारण केळीला खरं खोड नसतं. जानेवारीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आलेलीच असते, तीही जमिनीचीच. आपल्या जिल्ह्याचं फळ ताटात हवंच. सगळी फळं टोपलीत मिसळून दे आणि पोरांनाच दोन भाग करू दे. केळ्यापाशी भांडण होईल, होऊ दे. मग त्या त्या बराखा मुलांकडूनच म्हणवून घे. सब्जाची पानं किंवा गुलाब वासासाठी ठेव. तान्ह्या बाळाच्याही नाकाशी धरता येतं.

प्रार्थनेला दहा पुरुष जमतायत ना, ते आधीच मोजून ठेव. कमी पडत असतील तर पुण्याच्या माणसांना लवकर फोन कर. पुस्तकं पुरणार नाहीत, म्हणून मराठी अक्षरांत लिहिलेल्या ओळींच्या मोठ्या टायपात प्रती काढ. म्हाताऱ्यांना वाचता येतील आणि शाळेतल्या मुलांनाही सूर धरता येईल.

जेवण बिनमांसाचंच कर. मटण केलंस तर मागून दुधाचा चहा देता येणार नाही, आणि चार वाजता चहा नसला की मोठ्यांचा जीव कासावीस होतो. वालाचं बिरडं, भात, नारळाच्या दुधाचा चिकाचा हलवा एवढं पुरे. शेजारणींनाही निर्धास्त वाढता येईल.

जेवणानंतर कोकणचा नकाशा भिंतीला लाव. पेणकर, रोहेकर, नवगावकर, किहीमकर, ज्याचं जे आडनाव असेल त्यानं आपलं गाव शोधून टिकली लावायची. आजोबांना तिथलं काय आठवतंय ते नातवंडांनी विचारायचं, एकानं मोबाइलवर रेकॉर्ड करायचं. हे मात्र उद्यावर ढकलू नकोस. आपली किती माणसं इस्रायलला गेली, आणि आपल्या पूर्वजांचा तेलाचा घाणा पाहिलेली माणसं आता थोडीच उरलीयत.

मलिदा थोडा जास्तच कर. संध्याकाळी दोन पोरांना पाठवून शेजारी वाटून टाक. ओल्या नारळाचा आहे, रात्रीपर्यंत संपलेला बरा.