तारेच्या कुंपणातलं एक वर्ष

‘सैन्यात गेलं की परदेशात पाठवतात का?’ नवी मुंबईत बारावीच्या मुलांशी आणि त्यांच्या आईवडिलांशी बोलताना हा प्रश्न हमखास येतो. मुलाच्या आवाजात उत्सुकता असते, आईच्या आवाजात धास्ती. करावे गावात ‘चाणक्य’ ही जहाजावरच्या अधिकाऱ्यांना घडवणारी संस्था आहे. नेरूळ, सीवूड्स, खारघरच्या सोसायट्यांत मर्चंट नेव्हीत गेलेला एखादा दादा सापडतोच. करार करायचा, काही महिने समुद्रावर काढायचे, डॉलरमध्ये कमवून घरी यायचं, हे गणित इथल्या घरांना पाठ आहे. लष्करातली परदेशी तैनाती या गणितात बसत नाही. ती प्रत्यक्षात कशी असते हे समजलं, तर मुलाची उत्सुकता आणि आईची धास्ती, दोन्हींना योग्य दिशा मिळेल.

अमेरिकेचे जसे देशोदेशी मोठे कायमचे तळ आहेत, तसे भारताचे नाहीत. आपले जवान परदेशात राहायला जातात ते मुख्यतः संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून. १९५०च्या दशकापासून २,९०,०००हून अधिक भारतीयांनी ५०च्या आसपास मोहिमांत काम केलं आहे. सध्या दक्षिण सुदान, काँगो, लेबनॉन अशा ठिकाणी मिळून पाच हजारांच्या आसपास माणसं आहेत.

या परंपरेच्या सुरुवातीलाच एक मराठी नाव आहे, ते मुलांना माहीत असावं. कोरियातलं युद्ध थांबल्यावर मायदेशी परतायला नकार देणाऱ्या २२,०००हून अधिक युद्धकैद्यांना सांभाळायचं काम १९५३मध्ये भारतीय पथकाकडे आलं. त्या पथकाचे प्रमुख होते कोल्हापूरचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. दक्षिण कोरियाच्या सरकारने भारतीय जवानांना आपल्या भूमीवर पाय ठेवू दिला नाही, म्हणून त्यांना जहाजावरून हेलिकॉप्टरने निर्लष्करी पट्ट्यात उतरवावं लागलं. तिथे त्यांनी आपली छावणी उभारली. काही दिवसांतच कैद्यांनी एका भारतीय मेजरला कुंपणाच्या आत ओढून ओलीस ठेवलं. थोरात स्वतः त्या कुंपणात गेले आणि बोलून, समजावून त्यांनी त्याला सोडवून आणलं. हजारो संतप्त माणसांसमोर डोकं शांत ठेवण्याची ती परीक्षा होती. शांतिसेनेचं काम आजही बरंचसं असंच आहे.

आता रोजचं जगणं. दक्षिण सुदानमधलं मलाकाल घ्या. पांढऱ्या नाईल नदीच्या काठी संयुक्त राष्ट्रांचा तळ आहे. भोवती मातीचे बांध, काटेरी तारा, टेहळणीचे मनोरे. आत पत्र्याच्या, कंटेनरसारख्या तयार खोल्या. वीज जनरेटरची, पाणी तळावरच शुद्ध केलेलं. पहाटे पीटी, मग हजेरीचं फॉलिन, मग ज्याची त्याची ड्युटी: कोणी मनोऱ्यावर संत्री, कोणी पांढऱ्या रंगाच्या गाड्यांतून गस्तीवर, कोणी इंजिनाखाली आडवा, कोणी लंगरात कणीक मळतोय. संध्याकाळी व्हॉलीबॉल, सर्वधर्मस्थळात आरती, रात्री पुन्हा पहारा. सणाला बडा खाना. परवानगीशिवाय गेटबाहेर पाऊल टाकायचं नाही. गावात फेरफटका, बाजारहाट, मित्राकडे जाणं यातलं काहीही नाही.

तिथली माती विदर्भातल्यासारखी काळी, कापसाची. पाऊस लागला की रस्ते बंद होतात आणि पुढचे कित्येक महिने वाहतूक नदीतून नाहीतर हेलिकॉप्टरने. म्हणजे ताजी भाजी कधी येईल हे आभाळ ठरवतं. मलेरियाचा धोका कायमचा. काँगो आणि दक्षिण सुदानला जाण्याआधी पिवळ्या तापाची लस टोचून घ्यावीच लागते. घरच्यांना सोबत नेता येत नाही. तिथलं घड्याळ भारताच्या साडेतीन तास मागे असल्यामुळे, रात्री नऊला ड्युटी संपवून जवानाने फोन लावला तर नेरूळला साडेबारा वाजलेले असतात. लागला तर फोन, न लागला तर उद्या. ज्या घरांत मुलगा क्लासहून दहा मिनिटं उशिरा आला तरी तीन फोन होतात, त्या घरांनी या एका तपशिलावर थांबून विचार करावा.

यात कंटाळा फार असतो. भरतीच्या जाहिरातीत तो दिसत नाही, म्हणून मी मुद्दाम सांगतो. साधारण वर्षभर तीच माणसं, तेच कुंपण, तोच पहारा. ३६४ दिवस काही घडत नाही आणि तरीही एखाद्या दिवसासाठी रोज सावध राहायचं असतं. तो एखादा दिवस खरा असतो, हेही लपवू नये. ९ एप्रिल २०१३ रोजी दक्षिण सुदानच्या जोंगलेई भागात ताफ्यावर हल्ला होऊन पाच भारतीय जवान शहीद झाले. शांतिसेनेत आजवर १७०हून अधिक भारतीयांनी प्राण दिले आहेत आणि हा आकडा इतर कोणत्याही देशापेक्षा जास्त आहे. धोका नाहीच, असं पालकांना जो सल्लागार सांगेल त्याचं ऐकू नका.

पण त्याच तळावरून होणारी कामंही डोळ्यांसमोर ठेवा. गोमा आणि मलाकालच्या भारतीय लष्करी रुग्णालयांनी वर्षानुवर्षं रुग्ण तपासले आहेत. दक्षिण लेबनॉनमध्ये आपल्या पलटणीबरोबर पशुवैद्यही असतो, तो गावोगावच्या शेळ्या-मेंढ्यांवर उपचार करतो आणि गावकऱ्यांचा विश्वास त्यातूनच मिळतो. मेजर राधिका सेन आयआयटी मुंबईत पदव्युत्तर शिक्षण घेत असताना सैन्याकडे वळल्या. त्यांनी काँगोत आपल्या तुकडीचं नेतृत्व केलं, तिथल्या मुलांसाठी इंग्रजीचे, मोठ्यांसाठी आरोग्याचे आणि व्यवसाय-कौशल्याचे वर्ग चालवले. त्याबद्दल २०२३ सालचा संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार त्यांना मिळाला. त्याआधी, २००७मध्ये, केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या महिलांचं पूर्ण पथक लायबेरियात उतरलं. शांतिसेनेच्या इतिहासातलं ते तशा प्रकारचं पहिलंच. मुलींच्या आईवडिलांनी हे वाचून ठेवावं.

पैशांबद्दल अनेक गैरसमज आहेत. संयुक्त राष्ट्रं प्रत्येक सैनिकामागे दरमहा १,४०० डॉलरहून अधिक रक्कम देतात, पण ती सरकारला, जवानाच्या हातात नव्हे. जवानाला नेहमीचा पगार, सरकारने ठरवलेला परदेश भत्ता आणि संयुक्त राष्ट्रांचा दिवसाला १.२८ डॉलर इतका किरकोळ भत्ता मिळतो. चार पैसे जास्त शिल्लक पडतात हे खरं. पण केवळ पैशांसाठी परदेश हवा असेल तर करावेची वाट सरळ आहे, आणि ती मुळीच कमी दर्जाची नाही.

दुसरा गैरसमज निवडीचा. ‘शांतिसेनेत भरती’ असा फॉर्म नसतो. मुख्यालय पलटण निवडतं, मग त्या पलटणीचं प्रशिक्षण होतं; दिल्लीत त्यासाठी २००० सालापासून खास केंद्र आहे. बळ कधी वापरायचं, स्थानिक स्त्रियांशी आणि मुलांशी कसं वागायचं, काय केलं तर थेट घरी पाठवतात, हे सगळं तिथे शिकवलं जातं. बरेच अधिकारी आणि जवान पूर्ण नोकरीत एकदाही जात नाहीत. शिवाय मोहिमा संपतात. लेबनॉनमधली मोहीम २०२६च्या अखेरीस थांबवायचं सुरक्षा परिषदेने ठरवलं आहे. आज दहावीत असलेल्या मुलाने एखाद्या देशाचं नाव मनात धरून करिअर निवडू नये. सियाचीन, आसाम, राजस्थान आणि जमलंच तर आफ्रिका, हे सगळं मान्य असेल तरच गणवेश निवडावा.

मग कोणाला हे मानवतं? माझ्या मते धाडसी मुलापेक्षा सोशिक मुलाला. सांगणारं कोणी नसताना जो वेळेवर उठतो, न आवडणाऱ्या माणसाबरोबर एका खोलीत राहू शकतो, पानातलं मुकाट्याने खातो आणि रिकाम्या संध्याकाळी फोन नसला तरी अस्वस्थ होत नाही, तो. टक्केवारीवरून हे कळत नाही. लष्करी अधिकारी निवडणाऱ्या निवड मंडळाच्या पाच दिवसांच्या मुलाखतीतही नेमकं हेच चाचपलं जातं, म्हणून महागडे क्लास लावून आलेली हुशार मुलं तिथे अडतात.

वाटा थोडक्यात सांगतो. बारावीच्या वर्षी एनडीएची परीक्षा देता येते, वयाची अट साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षं. नौदल आणि हवाई दलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. २०२२पासून तिथे मुलीही शिकत आहेत. पदवीनंतर सीडीएसची परीक्षा, किंवा एनसीसीचं ‘सी’ प्रमाणपत्र असेल तर लेखी परीक्षेविना थेट निवड मंडळापुढे. डॉक्टर व्हायचं असेल तर नीटमधून पुण्याचं लष्करी वैद्यकीय महाविद्यालय, एएफएमसी. दहावीनंतर मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरची आणि मुलींसाठी नाशिकची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे. दोन्ही राज्य सरकारच्या आहेत, आणि आपल्याकडच्या घरांना त्यांची माहिती आश्चर्य वाटावं इतकी कमी आहे. निमलष्करी दलांची वाट दूर नाही. शीघ्र कृती दलाची १०२ क्रमांकाची बटालियन तळोज्यालाच आहे.

पालकांना एकच विनंती. निर्णय घेण्याआधी मुलाला एनसीसीच्या किंवा गिर्यारोहणाच्या आठ-दहा दिवसांच्या शिबिराला पाठवा आणि त्या दिवसांत त्याला फोन करू नका. परत आल्यावर किती मजा आली हे विचारण्याऐवजी तंबूत कोणाशी भांडण झालं आणि ते कसं मिटलं, हे विचारा. उत्तर शांतपणे ऐका, आणि मग फॉर्म भरायचा की नाही ते दोघांनी मिळून ठरवा.