आराता इझुमी : आपल्या पुण्याचा जपानी

पोखर्णी आणि फुटबॉल यांचा तसा काहीच संबंध नाही. आमचं गाव नृसिंहाच्या देवळासाठी प्रसिद्ध, आणि पोरं खेळणार क्रिकेट नाहीतर कबड्डी. फुटबॉल मला शिकवला तो होस्टेलच्या टीव्ही रूमने. तेव्हा जपानी खेळाडू म्हटलं की एकच नाव निघायचं, हिदेतोशी नाकाता. १९९८ साली इटलीत पेरुजियाकडून लीगच्या पहिल्याच सामन्यात पठ्ठ्याने युव्हेंटसविरुद्ध दोन गोल ठोकले. २००६ च्या वर्ल्ड कपनंतर, वय अवघं २९, तेव्हा तो निवृत्तही झाला. खेळ, केस, कपडे, सगळ्यावर लोक फिदा!

पण मला अभ्यास करण्यासारखा वाटतो तो दुसराच जपानी. आराता इझुमी.

जन्म १९८२, जपान. आई जपानी, वडील गुजराती, भारतीय नाव नीलकंठ खांभोळजा. २००६ मध्ये तो ईस्ट बंगालकडून खेळायला कोलकात्याला आला, मग मुंबईच्या महिंद्रा युनायटेडमध्ये, आणि २००९ पासून पुणे एफसीत. बालेवाडीच्या स्टेडियमवर हा मिडफिल्डर पुणेकरांचा लाडका झाला. मिडफिल्डर म्हणजे बचाव आणि आक्रमण जोडणारा गडी. धावतो सगळ्यात जास्त, पेपरात नाव येतं गोल मारणाऱ्याचं. तरीही लोकांना तो आवडला. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये पुणे एफसी दुसरी आली, तेव्हा तो संघात होता.

आता मुख्य मुद्दा. त्याला भारताकडून खेळायचं होतं. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, आणि २००८ च्या सरकारी धोरणानुसार भारतीय पासपोर्ट असेल तरच देशाचा शर्ट मिळतो. वडील भारतीय असून भागत नाही. म्हणून त्याने जपानी नागरिकत्व सोडलं. जरा विचार करा, जगातल्या सर्वात वजनदार पासपोर्टांपैकी एक! आपल्यातले किती जण थर्ड इयरपासूनच उलट्या दिशेची स्वप्नं बघतात (मीही बघितली आहेत). आणि त्याला? आईच्या देशात जायलाही आता व्हिसा.

फेब्रुवारी २०१३ मध्ये कोचीला पॅलेस्टाईनविरुद्ध तो भारताकडून पहिल्यांदा उतरला. वय ३०. आपण ४-२ ने हरलो. पुढेही देशासाठी त्याला मोजकेच सामने मिळाले. हिशेब मांडला तर तोट्याचाच सौदा. पण माझ्या मते त्याची लोकप्रियता तिथेच आहे. नाकाताला लोकांनी डोक्यावर घेतलं ते त्याच्या खेळासाठी. आराताला आपला म्हटलं ते त्याने आधी आपल्याला आपलं म्हटलं म्हणून.

२०१५ च्या आयएसएलमध्ये तो अॅटलेटिको दे कोलकातामध्ये होता, नंतर पुणे सिटी आणि केरळा ब्लास्टर्सकडून खेळला. पुणे एफसी २०१५ साली बंद पडली. निवृत्तीनंतर आराता मात्र परत गेला नाही. नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्सच्या पोरांना त्याने फुटबॉल शिकवायला घेतला.