आयर्लंड पाहायला निघालेल्या भाचीस

नारायणगड, जि. बीड

चि. ताईस,


जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तुला डब्लिनच्या दवाखान्यातल्या नोकरीत सुट्टी मिळाली आणि मैत्रिणींबरोबर आयर्लंड फिरायचं ठरलं, हे तुझ्या आईकडून कळलं. तू केलेली यादीही तिने मला दाखवली. यादी चांगली आहे, पण फार लांब आहे. एवढी ठिकाणं आठवड्यात बसवायची तर निम्मा वेळ गाडीत जाईल आणि उरलेला फोटो काढण्यात. मी तो देश पाहिलेला नाही. पण शाळेत भूगोल आणि इतिहास शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, त्या आधारावर चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, यादी अर्धी कर. दुसरी त्याहून महत्त्वाची. जिथे निसर्गाचं किंवा कलेचं वैभव बघशील, तिथेच जवळपास माणसांनी जे सोसलं त्याचीही एक जागा बघ. दोन्ही पाहिल्याशिवाय कुठलाही मुलूख कळत नाही. आपलं बीडही कळत नाही.

सुरुवात डब्लिनपासूनच कर. तिथे राहणारी माणसंच बहुधा तिथलं काही बघत नाहीत. ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रंथालयात ‘बुक ऑफ केल्स’ आहे. इसवी सन ८०० च्या सुमारास ख्रिस्ती साधूंनी वासराच्या कातड्यावर लिहिलेली आणि रंगवलेली ही लॅटिन शुभवर्तमानं आहेत. एकेका अक्षराच्या पोटात पशुपक्षी आणि वेलबुट्टी इतकी बारीक आहे की घाईने बघणाऱ्याला ती दिसायची नाही. काचेपुढे उभी राहशील तेव्हा अंबाजोगाईच्या दासोपंतांची पासोडी आठव. त्यांनी अख्खा ग्रंथ कापडावर लिहिला. ईश्वराचं नाव लिहिताना हाताने कंटाळा करायचा नाही, ही निष्ठा दोन्हीकडे एकच आहे.

तिथून किल्मेनम तुरुंगात जा. तिकीट आधी काढून ठेव, ऐन वेळी मिळत नाही. १७९६ साली सुरू झालेला हा तुरुंग १९२४ साली बंद झाला. इंग्रज राजवटीविरुद्धच्या १९१६ च्या ईस्टर उठावातल्या चौदा नेत्यांना याच तुरुंगाच्या अंगणात गोळ्या घातल्या. त्यांतले जेम्स कॉनली तर जखमी होते, उभंही राहता येत नव्हतं, म्हणून त्यांना खुर्चीला बांधून मारलं. तो उठाव २४ एप्रिलला सुरू झाला आणि त्याच आठवड्यात, २८ एप्रिलला, लोकमान्यांनी बेळगावात होमरूल लीग स्थापन केली. ‘होमरूल’ ही मागणी आयर्लंडमध्ये आधीच गाजलेली होती, तिचंच नाव आपल्याकडे घेतलं. त्या अंगणात तू परकी नाहीस, हे ध्यानात ठेव.

डब्लिनहून एका दिवसात न्यूग्रेंज होतं. बॉइन नदीच्या खोऱ्यातली ही समाधी इसवी सनापूर्वी ३२०० च्या सुमाराची, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांच्याही आधीची आहे. चुन्याशिवाय नुसते दगड एकावर एक सरकवत रचलेलं छत आजही गळत नाही. २१ डिसेंबरच्या आसपास, वर्षातल्या सर्वांत लहान दिवसांत, सकाळचं ऊन दारावरच्या झरोक्यातून एकोणीस मीटर लांब बोळातून थेट गाभाऱ्यापर्यंत पोचतं. त्या दिवसांत आत जायला सोडत काढतात. इतर वेळी वाटाडे दिव्याच्या उजेडात ते दृश्य दाखवतात. ज्यांना धातू ठाऊक नव्हता त्यांनी सूर्याचं हे गणित दगडात बसवलं. तिथे वाटाड्याचं बोलणं नीट ऐक आणि प्रश्न विचार.

मग रेल्वेने पश्चिमेला गॉलवेला जा. तिथून मोहरचे कडे बघता येतात. अटलांटिकच्या काठाने कित्येक किलोमीटर हे कडे सरळ तुटलेले आहेत आणि सर्वांत उंच जागी समुद्रापासून २१४ मीटर भरतात. दुपारी बसगाड्यांची गर्दी असते, म्हणून जमलं तर संध्याकाळी जा. जुलैअखेरीलाही तिथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो. वारा फार असतो, छत्री टिकत नाही, चांगला रेनकोट घे. आणि कुंपण ओलांडून कड्याच्या टोकाशी फोटोसाठी कधीही जाऊ नकोस. मैत्रिणींनी आग्रह केला तरी नाही. हे मी तुला वडीलकीच्या अधिकाराने बजावतो.

यादीत तू ‘जायंट्स कॉजवे’ लिहिलं आहेस. समुद्रात उतरणारे सुमारे चाळीस हजार दगडी खांब, बहुतेक सहा कोनांचे. तो दगड आपलाच, बेसाल्ट. लाव्हा थंड होताना आक्रसतो आणि वैशाखात आपल्या काळ्या रानाला भेगा पडाव्यात तसा तडकत खोल जातो, त्यातून हे खांब होतात. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट टेकडी अशीच आहे. पण कॉजवे उत्तर आयर्लंडमध्ये आहे आणि तो भाग ब्रिटनचा. रस्त्यात चौकी लागत नाही, म्हणून कुणी अडवत नाही असं मैत्रिणी तुला सांगतील. आपल्या पासपोर्टवर मात्र ब्रिटनचा व्हिसा लागतोच, आयर्लंडचं राहण्याचं कार्ड तिथे चालत नाही. व्हिसा नसेल तर या वेळी ते ठिकाण सोड. नोकरी आणि परवाना पणाला लावून बघण्याजोगं जगात काही नाही.

त्याऐवजी मेयो परगण्यात वेस्टपोर्टला जा. जवळच क्रो पॅट्रिक हा ७६४ मीटर उंचीचा डोंगर आहे. संत पॅट्रिकने माथ्यावर चाळीस दिवस उपवास केला अशी श्रद्धा आहे. जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो माणसं तो चढतात, काही जण अनवाणी. तुझी सुट्टी नेमकी त्याच आठवड्यात आहे. आपल्या नारायणगडावर नगद नारायणांच्या दर्शनाला येणारे माळकरी तू लहानपणापासून पाहिलेस, तेव्हा अनवाणी चालणाऱ्याच्या मनात काय असतं हे तुला वेगळं सांगायला नको. वरच्या टप्प्यात सुटे दगड आहेत, हातात काठी असू दे, आणि ढग उतरले तर हट्ट न करता माघारी फीर. प्रार्थना करणाऱ्यांचे फोटो काढू नकोस.

याच डोंगराच्या पायथ्याशी, मरिस्क गावात, आयर्लंडचं राष्ट्रीय दुष्काळ स्मारक आहे. ब्राँझचं एक जहाज आणि त्याला बिलगलेले सांगाडे. १८४५ पासून ओळीने बटाट्याचं पीक रोगाने कुजत गेलं. गरीब कुळांचं पोट एका बटाट्यावर होतं. धान्य पिकत होतं, पण ते खंडात जात होतं आणि भुकेल्या देशाच्या बंदरांतून इंग्लंडला रवाना होत होतं. सुमारे दहा लाख माणसं मेली, दहा लाखांहून जास्त देशोधडीला लागली आणि त्यांतली किती तरी जहाजांवरच गेली. १८४१ साली त्या बेटावर ऐंशी लाखांहून अधिक लोक होते. त्या आकड्याला ते बेट आजही पोचलेलं नाही.

ताई, या जहाजापुढे घाई करू नकोस. तुझ्या आजीने बहात्तरच्या दुष्काळात रोजगाराच्या कामावर खडी फोडली आणि सुकडीवर पोरं जगवली. आजही दिवाळी सरली की आपल्या गावातली बिऱ्हाडं कोयता घेऊन उसाच्या फडांवर जातात. दुष्काळ केवळ आभाळातून पडत नाही. जमीन कुणाची, धान्य कुणाचं आणि निर्णय कुणाचा, यावर माणसं जगतात किंवा मरतात. आयर्लंडने हे आपल्या स्मारकांतून उघड मांडून ठेवलं आहे. बीडची मुलगी म्हणून ते तुला इतर प्रवाशांपेक्षा लवकर समजेल, आणि समजलेलं मैत्रिणींना सांगणं तुझं काम आहे.

तिथली माणसं बोलकी आहेत असं तूच म्हणतेस. मग त्यांच्याशी बोल. ती तुलाही विचारतील की तुमच्याकडे बघण्यासारखं काय आहे. तेव्हा गप्प बसू नकोस. दुष्काळी मुलखात चारशे वर्षांहून जास्त काळ पाणी देणारी खजाना विहीर सांग, पाण्यात उभं असलेलं कंकालेश्वराचं देऊळ सांग, सौताड्याचा धबधबा आणि कपिलधार सांग, धारूरचा किल्ला सांग. आणि जे सांगशील ते पुढच्या वेळी गावी येशील तेव्हा स्वतः नीट बघ. मी बरोबर येईन.

नवी यादी करून आईला पाठव, मी वाचीन. पैसे जपून खर्च कर, पण तिकिटात काटकसर करून रात्रीबेरात्री अनोळखी ठिकाणी उतरू नकोस. रोज संध्याकाळी आईला एक फोन कर.

नगद नारायण तुझं कल्याण करो.

तुझा,
मामा